प्रमोशन मागायचं तर दसऱ्याच्या सुमारास

प्रमोशनचा विषय बहुतेक जण मार्चमध्ये काढतात. सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म भरा म्हणून एचआरची मेल येते, वर्षभराचं सगळं आठवतं, आणि मग धीर करून साहेबांच्या केबिनचं दार वाजवलं जातं. तोवर यादी झालेली असते. साहेब गोड बोलतात, कारण त्यांच्या हातात दुसरं काही उरलेलं नसतं.

ज्या कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, तिथे पुढच्या वर्षीच्या माणसांचं आणि पगाराचं बजेट साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात बसतं. जानेवारी-फेब्रुवारीत खातेप्रमुख आपापली नावं देतात, मार्चमध्ये रेटिंगची ओढाताण होते आणि पत्रं एप्रिल ते जूनमध्ये कधीतरी निघतात. म्हणजे तुमचं नाव साहेबांच्या डोक्यात बसायची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर. कंपनी परदेशी असेल आणि तिचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल, तर हाच हिशेब जून-जुलैला येतो. तुमच्या कंपनीचं नेमकं वेळापत्रक एचआरमधल्या कुणालाही सहज विचारता येतं. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

हे सगळं खासगी नोकरीबद्दल. सरकारी खात्यात सेवाज्येष्ठतेची यादी, गोपनीय अहवाल आणि पदोन्नती समिती असते. तिथे साहेबांना विचारून फार काही हलत नाही. यादीतला आपला क्रमांक बरोबर आहे ना, हे तपासणं आणि चूक असेल तर मुदतीत हरकत घेणं, एवढं मात्र करायलाच हवं.

निर्णय कुठे होतो

मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, नावं ठरतात त्या मीटिंगमध्ये बसत आलोय. तिथे चार-पाच खातेप्रमुख असतात, एचआर असतं आणि स्क्रीनवर एक एक्सेल शीट असते. जागा सहा, नावं चौदा. प्रत्येक नावाला तीन-चार मिनिटं. तुमचे साहेब तुमच्याबद्दल बोलायला लागले की दुसऱ्या खात्याचा प्रमुख विचारतो, "याने नेमकं केलं काय?" त्या क्षणी साहेबांकडे दोन ठोस वाक्यं असली तर नाव टिकतं. "खूप मेहनती आहे, सिन्सिअर आहे" एवढंच असलं तर नाव खाली सरकतं, कारण चौदाही जण मेहनतीच असतात.

म्हणून प्रमोशन मागणं म्हणजे साहेबांना पटवणं एवढंच नाही. त्या खोलीत तुम्ही नसणार, साहेब असणार. त्यांना तिथे बोलायला मुद्दे पुरवणं हे तुमचं काम. आपण काम करत राहावं, साहेबांना दिसतंच, असं मानण्याची आपल्याकडे रीत आहे. साहेबांच्या हाताखाली पंधरा माणसं असतात आणि मागच्या जूनमध्ये कुणी काय निस्तरलं हे त्यांना आठवत नाही. स्वतःच्या कामाबद्दल नीट सांगणं ही चमचेगिरी नव्हे.

आधी जागा आहे का ते बघा

बढतीचे दोन प्रकार असतात. काही ग्रेड माणूस तयार झाला की मिळतात, उदाहरणार्थ इंजिनिअरचा सीनिअर इंजिनिअर. काही मात्र जागा असेल तरच: शिफ्ट इनचार्ज, टीम लीड, मॅनेजर. आपण कुठल्या रांगेत आहोत हे आधी ओळखायचं. जागा लागणार असेल तर ती कुठून येणार, याचा शोध घ्या. कुणी निवृत्त होतंय का, नवी लाइन टाकतायत का, नवा क्लायंट येतोय का.

आयटी सर्व्हिसेसमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी नव्या लोकांना कुणी सांगत नाही. क्लायंटबरोबरच्या करारात प्रत्येक भूमिकेचा दर ठरलेला असतो. तुम्हाला वरचा ग्रेड दिला की कंपनीचा खर्च वाढतो, पण क्लायंट पैसे तेवढेच देतो. तुमच्या मॅनेजरच्या प्रोजेक्टचा नफा घटतो आणि त्याची विचारणा त्याला होते. म्हणून कराराचं नूतनीकरण कधी आहे, नव्या करारात वरच्या भूमिकेची जागा दाखवता येईल का, हे विचारणारा माणूस मॅनेजरला लगेच समजूतदार वाटतो. हिंजवडी-खराडीत काम करणाऱ्यांनी हा प्रश्न जरूर विचारावा.

किमान अटीही बघून घ्या. सध्याच्या ग्रेडमध्ये दोन किंवा तीन वर्षं पूर्ण, मागच्या दोन वर्षांत अमुक रेटिंग, अशा अटी बऱ्याच ठिकाणी असतात. त्यात बसत नसाल तर यंदा मागणी करण्याऐवजी पुढच्या वर्षीची तयारी सुरू करा.

वरच्या ग्रेडचं काम

एचआरकडून वरच्या पदाचं जॉब डिस्क्रिप्शन मागून घ्या आणि पेन घेऊन बसा. त्यातलं जे तुम्ही आत्ताच करता त्यावर खूण करा. सात-आठ मुद्द्यांपैकी निम्म्याहून जास्त खुणा झाल्या तर बोलण्यात अर्थ आहे. राहिलेल्यांपैकी एक-दोन येत्या तीन महिन्यांत करता येतील असे निवडा आणि साहेबांकडून मागून घ्या: महिन्याचा रिव्ह्यू मी मांडू का, नव्या ट्रेनींचं वेळापत्रक मी बसवू का.

यात एक धोका आहे. वरच्या हुद्द्याचं काम खालच्या पगारात कायमचं गळ्यात पडू शकतं. कंपनीला ते सोयीचंच असतं. जादा जबाबदारी घेतानाच "सहा महिने हे सांभाळतो, मग आपण ग्रेडबद्दल बोलू" असं सांगून ठेवा. तेही मेलवर.

एका पानाचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एक पान, पाच ते सहा मुद्दे. बहुतेक कंपन्यांत तो इंग्रजीत लिहावा लागेल. इथे मराठीत दाखवतो.

समजा तुम्ही चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहात. साधारणपणे लोक असं लिहितात: "कस्टमर कंप्लेंट हँडल केल्या. आयएटीएफ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) ऑडिटला सपोर्ट केला. टीमला गाइड केलं." यातून मीटिंगमध्ये बोलण्याजोगं एकही वाक्य निघत नाही. तेच असं लिहा:

"मशिनिंग लाइन २ वरचं रिजेक्शन एप्रिलमध्ये ३.८ टक्के होतं, सप्टेंबरमध्ये १.६ टक्के. कारण पार्ट पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरच्या क्लॅम्पिंगमध्ये सापडलं. बदल मी सुचवला आणि टूलरूमकडून करून घेतला. महिन्याच्या २०,००० पार्टवर ४४० पार्ट वाचतात. पार्टमागे ३१० रुपये धरले तर महिन्याला सुमारे १ लाख ३६ हजार रुपये."

"रात्रपाळीच्या दोन इन्स्पेक्टरना सीएमएमवर (अचूक मोजमापाच्या यंत्रावर) मोजमाप शिकवलं. ऑगस्टपासून रात्री त्यासाठी कुणाला घरून बोलवावं लागलेलं नाही."

"कस्टमर ऑडिटमध्ये निघालेल्या सात त्रुटींपैकी पाच माझ्याकडे होत्या. पाचही मुदतीत बंद केल्या."

पहिल्या मुद्द्यात पैसे आहेत. ते फायनान्सच्या माणसाला कळतात. दुसरा मुद्दा साधा दिसतो, पण माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा, कारण हा माणूस वर गेला तरी खालचं काम अडणार नाही हे त्यातून कळतं. आकडा फुगवू नका. त्या खोलीत प्रॉडक्शनवालाही बसलेला असतो आणि लाइन २ चं रिजेक्शन त्याला तोंडपाठ असतं. चार जणांनी मिळून केलेलं काम असेल तर आपला वाटा तेवढाच लिहा.

ज्यांच्या कामात असे आकडे निघत नाहीत, म्हणजे एचआर, अकाउंट्स, ॲडमिन, त्यांनी वेळ आणि चुका मोजाव्यात. महिन्याचं क्लोजिंग आधी आठव्या दिवशी व्हायचं, आता पाचव्या दिवशी होतं. वेंडरची बिलं परत येण्याचं प्रमाण कमी झालं. एवढं पुरतं.

प्रसूती रजेवरून परतलेल्या बायकांच्या बाबतीत हमखास घडणारा प्रकार म्हणजे वर्षभराचं टार्गेट आणि सहा महिन्यांचं काम अशी तुलना. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी मिळणारी रजा २६ आठवड्यांची आहे, त्यामुळे निम्मं वर्ष त्यात जातं. कागदावर हजर होत्या त्या महिन्यांचं टार्गेट आणि त्याच महिन्यांचं काम शेजारीशेजारी मांडा. साहेब ते स्वतःहून मांडतील असं गृहीत धरू नका.

कागदावर काय नसावं, तेही सांगतो. घराचा हप्ता, मुलीची फी, भावाचं लग्न. ही कारणं खरी असतात, पण चौदाही जणांना घर असतंच. "अमुकला गेल्या वर्षी दिलं, मग मला का नाही" हेही नको. या वाक्यानंतर साहेब तुमच्याबद्दल विचार करायचं सोडून त्या अमुकच्या प्रमोशनचं समर्थन करत बसतात.

वेळ मागणं आणि बोलणं

कँटीनमध्ये, गाडीत किंवा दुसऱ्या विषयाच्या शेपटाला हे बोलू नका. वेगळी वेळ मागा. कारखान्यात महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस डिस्पॅचच्या घाईचे असतात. ते टाळा, शिफ्ट बदलायची वेळही टाळा. आयटीत रिलीजचा आठवडा आणि नुकतंच एस्कलेशन (क्लायंटची वरपर्यंत गेलेली तक्रार) आलेलं असेल तो काळ नको. मेसेज साधा असावा: "सर, पुढच्या आठवड्यात अर्धा तास मिळेल का? माझ्या पुढच्या ग्रेडबद्दल बोलायचं होतं. एका पानाची नोट आदल्या दिवशी पाठवतो." विषय आधी कळला की साहेब घाबरत नाहीत. नुसतं "जरा बोलायचंय" असं आलं की त्यांना राजीनामाच दिसतो.

भेटीत पहिल्या पाच मिनिटांत मुद्द्यावर या:

"सर, येत्या एप्रिलच्या यादीत असिस्टंट मॅनेजरसाठी माझं नाव जावं असं मला वाटतं. नोटमध्ये कामाचा हिशेब दिलाय. तुम्ही नाव द्याल का? आणि आज द्यायचं झालं, तर मीटिंगमध्ये कुठल्या मुद्द्यावर अडेल?"

आणि थांबा. शांतता झाली की आपणच ती भरून काढतो. "म्हणजे जमलं तर, तसं काही अर्जंट नाही" असं बोलून मागणी स्वतःच मागे घेतो. हे वाक्य गिळून टाका. साहेबांना विचार करू द्या.

दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्याचं उत्तर म्हणून जे येईल ते लिहून घ्या, तिथल्या तिथे खोडून काढू नका. "तू क्लायंटसमोर गप्प असतोस" हे ऐकायला कडू आहे, पण त्या मीटिंगमध्ये तुमच्या पाठीमागे जे बोललं जाणार ते तुम्हाला चार महिने आधी कळलं.

साहेब वयाने लहान असतील, कधीकाळी तुमच्याच हाताखाली शिकलेले असतील, तर बोलणं जास्त अवघड जातं. एरवी अरे-तुरे असलं तरी या भेटीत कामाच्या भाषेतच बोला. जुन्या ओळखीचा दाखला देऊ नका.

परतल्यावर त्याच दिवशी चार ओळींची मेल टाका: वेळ दिल्याबद्दल आभार, एप्रिलच्या यादीसाठी नावाचा विचार होईल असं ठरलं, त्याआधी मी अमुक दोन गोष्टी डिसेंबरपर्यंत करणार, १० डिसेंबरच्या सुमारास पुन्हा भेटू. ही मेल उद्या साहेबांची बदली झाली तर कामाला येते. मॅनेजर बदलणं हे प्रमोशन हुकण्याचं फार मोठं कारण आहे. जुने साहेब जाताहेत असं कळलं की त्यांच्याकडून नव्या साहेबांना तुमच्याबद्दल दोन ओळी लिहून घ्या.

जी उत्तरं मिळतात

"बजेट नाही." हे खरं असू शकतं. मग हुद्दा आणि पैसा वेगळे करा: हुद्दा एप्रिलपासून, पगार ऑक्टोबरच्या रिव्हिजनला, असं चालेल का? चालणार असेल तर महिन्यासकट लेखी घ्या. लेखी नसलेला ऑक्टोबर येतच नाही.

"तुला वर घेतलं तर तुझं काम कोण बघणार?" कामाच्या माणसाला हमखास मिळणारं उत्तर. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, नाव द्या. "अमुक दोघं तयार होतायत, फेब्रुवारीपर्यंत पूर्ण हँडओव्हर करतो." कामाच्या किल्ल्या स्वतःजवळ ठेवल्या की आपली किंमत राहते असं वाटणाऱ्यांचं प्रमोशन याच मुद्द्यावर अडतं.

"तुझी व्हिजिबिलिटी कमी आहे." याचा सरळ अर्थ असा की त्या खोलीतल्या बाकीच्यांना तुम्ही माहीत नाही. कुणाला माहीत नाही, ते विचारा. मग त्या माणसाशी काम पडेल असं एखादं काम मागा. साहेबांच्या डोक्यावरून उडी मारून वरच्या साहेबांकडे जाऊ नका. जायचंच तर साहेबांना सांगून.

"अजून एक वर्ष थांब." पहिल्यांदा असेल तर विचारा, त्या वर्षात नेमकं काय दिसायला हवं. मागच्या वर्षीही हेच ऐकलं असेल, तर मागच्या वर्षीची मेल समोर ठेवा: या दोन गोष्टी ठरल्या होत्या, दोन्ही झाल्या, आता काय उरलं? आवाज न चढवता. उत्तर पुन्हा गोलगोल आलं तर त्या कंपनीत तुमच्यासाठी जागा नाही असं समजून बायोडेटा अपडेट करायला घ्या.

दुसरी ऑफर दाखवून प्रमोशन मिळतं का? कधी मिळतं. पण खरोखर जायची तयारी असेल तरच दाखवा. आयटीत ६० किंवा ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो, आणि "ठीक आहे, जा" असं उत्तर आलं तर तेवढे दिवस त्याच खुर्चीत काढायचे आहेत. नसलेली ऑफर सांगणं तर अगदीच नको. पुण्यात एकाच क्षेत्रातले एचआरवाले एकमेकांना ओळखतात.

हो म्हणायच्या आधी हिशेब

प्रमोशनने हातात येणारा पगार वाढतोच असं नाही. कारखान्यात ऑपरेटर किंवा टेक्निशियनचा सुपरवायझर झाला की दुप्पट दराचा ओव्हरटाइम सहसा बंद होतो. मागच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा काढा, ओव्हरटाइमची सरासरी काढा आणि नव्या पगाराशी ताडून बघा. युनियनच्या करारातून तुम्ही बाहेर पडणार का, तेही विचारा. पुढचा पगारवाढीचा करार तोंडावर आला असेल तर हा प्रश्न बराच महागाचा असतो.

महिन्याचा पगार २१,००० रुपयांच्या वर गेला की ईएसआयसीची (कामगार राज्य विमा योजनेची) मर्यादा ओलांडली जाते. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीच्या मध्येच पगार वाढला, तर ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, पुढे थांबते. घरात कुणाचं औषधपाणी ईएसआयच्या दवाखान्यातून चालू असेल तर कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील धरतात का, हे सही करण्याआधी बघा.

वरच्या पगारात कराची एक गंमत आहे. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही. त्याच्या जरा वर गेलं की सवलत अशी बसवली आहे की वाढलेला प्रत्येक रुपया करात जातो. साधारण १३ लाख ४५ हजारांपर्यंत हेच चालतं. म्हणजे १२.७५ वरून १३.२५ लाखांवर गेलेल्या माणसाच्या हातात वर्षअखेरीस काहीच जादा येत नाही. तुमचं प्रमोशन नेमकं या पट्ट्यात येत असेल, तर वाढीचा काही भाग कंपनीकडून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) घालता येईल का ते विचारा. नव्या प्रणालीत बेसिक-डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत कंपनीने भरलेल्या रकमेची वजावट मिळते.

वाढ बेसिकमध्ये आली की व्हेरिएबलमध्ये (कामगिरीनुसार मिळणाऱ्या भागात), हेही बघा. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या हिशेबाने. बारा वर्षं झालेल्या माणसाची बेसिक वाढली तर मागच्या सगळ्या वर्षांची ग्रॅच्युइटी वाढते. व्हेरिएबल वाढलं तर सहसा असं काही होत नाही, आणि ते पूर्ण मिळेल याची हमीही नसते.

पत्र हातात आलं की पेढे वाटायच्या आधी चार गोष्टी वाचा. हुद्दा आणि ग्रेड दोन्ही लिहिलेत का. कधीकधी हुद्दा बदलतो आणि ग्रेड तोच राहतो. नोटीस पिरियड वाढलाय का. नव्या पदावर प्रोबेशन आहे का, आणि असेल तर त्यात अपयश आलं तर जुन्या पदावर परत घेतात की नाही. आणि तारीख. पत्र जूनमध्ये आलं आणि बढती १ एप्रिलपासून असेल, तर एप्रिल-मेचा फरक कुठल्या महिन्याच्या पगारात येणार, हे एचआरला मेलवर विचारा आणि त्या महिन्याची स्लिप आली की ताडून बघा.